शाळेचा हिशेब कोणापुढे?

छत्रपती संभाजीनगर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी प्रशासक आला. मराठवाड्यातल्या इतर जिल्हा परिषदांचेही तेच झाले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबत गेल्या आणि त्या घेण्याचा आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ग्रामीण शाळांचे भवितव्य बदलणारी दोन मोठी पावले राज्याने नेमकी याच काळात टाकली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवण्यात आले. नंतर १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला तर शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, असे ठरले. जिल्हा परिषद कायदा १९६१ ने ज्या शिक्षण समितीकडे असे विषय सोपवले, ती समितीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तिचे अधिकार प्रशासकाच्या हाती होते. म्हणून प्रश्न असा की, शाळेच्या पैशाचा आणि शाळेतल्या जागांचा निर्णय घेणाऱ्याने जाब कोणाला द्यायचा? या प्रश्नाच्या दोन बाजू पुढे संवादाच्या रूपात मांडल्या आहेत. एक शिक्षण विभागात हयात घालवलेल्या अधिकाऱ्याची, दुसरी एका महिला सरपंचाची. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र कल्पित नाहीत.

अधिकारी : सरपंचताई, आधी आकडे पाहा. समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि शिक्षकामागे सहा. पहिली ते चौथीची ही बारा मुले एका खोलीत बसतात. एक शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला गेला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे. दोन संघ करून खेळावे इतकी मुले नाहीत, वाचनालय नाही, वादविवादाला समवयस्क नाहीत. दुसरीकडे मोठ्या शाळांत पदे रिक्त राहतात. तोरणमाळ आणि पानशेतचे प्रयोग डोळ्यांपुढे ठेवून राज्याने समूह शाळेचा विचार केला, तो मुलांच्या हिताचाच होता. असे निर्णय गावागावांवर सोडले तर एकही गाव आपली शाळा सोडणार नाही. आणि निवडून आलेल्या सभागृहांचा अनुभव काय सांगतो? शिक्षकांच्या बदल्यांत सदस्यांची शिफारस चालायची, पुढाऱ्यांच्या मागे फिरणारा शिक्षक सोयीच्या गावी आणि बाकीचे सोयगावच्या डोंगरात. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर गेल्या, तेव्हा कुठे सामान्य शिक्षकाला न्याय मिळू लागला. निकष सर्वांना सारखे हवेत आणि ते राबवणारा हात स्थानिक दबावापासून दूर हवा.

सरपंच : साहेब, बदल्यांचे म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची आहे. कोणता शिक्षक कुठे जावा हे सरपंचाने किंवा सदस्याने ठरवू नये. माझे मागणे निराळे आहे. निकष तुम्ही लावा, पण तो लावताना जे कारण धरले ते आमच्यापुढे मांडा आणि आमचे म्हणणे ऐकल्यावरच निर्णय पक्का करा. कारण तुमच्या आकड्याला गाव दिसत नाही. पट ३० सप्टेंबरचा धरला जातो. कन्नड, सोयगाव, पैठणकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात. शाळेत किती मुले टिकणार, हंगामी वसतिगृह लागणार की नाही, कोणाची मुले आजीआजोबांकडे राहणार, हे त्या तारखेच्या आकड्यात येत नाही. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. ते पाळायचे तर ही माहिती गावातूनच यावी लागेल. वैजापूर-गंगापूरकडे लोक शेतवस्तीवर राहतात, गौताळ्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांत तांडे आहेत. नकाशावर एक किलोमीटर दिसते, पण मधला नाला पावसाळ्यात सहा-सात वर्षांच्या लेकराला ओलांडता येत नाही. याच जिल्ह्यात वाळूजच्या औद्योगिक वसाहतीभोवती रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत कामगारांची वस्ती दाटत जाते आणि खोल्या त्या वेगाने बांधल्या जात नाहीत. एकीकडे मुले कमी म्हणून शाळा धोक्यात, दुसरीकडे मुले जास्त म्हणून जागा अपुरी. दोन्हींची खबर गावाला आधी लागते आणि दोन्ही ठिकाणी गावाला शेवटी विचारले जाते.

अधिकारी : गावाला खबर आधी लागते, हे खरे. पण गाव ती खरी सांगते का? २०११ आठवा. आधी नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांचा पट तपासला. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरचा पट व वर्गातली मुले यांच्यात लाखोंचे अंतर निघाले. त्या शाळा कोणाच्या तरी गावातच होत्या ना? खोटी नावे हजेरीपटावर चढत होती तेव्हा ग्रामसभा काय करत होत्या? ती लबाडी पकडली बाहेरून आलेल्या पथकांनी. आणि समित्यांचे सांगायचे तर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास पाहा. तिथल्या दहातील नऊहून अधिक पालकांना आपल्या गावात शिक्षण समिती आहे हेच ठाऊक नव्हते. लोकांना माहिती दिली, बैठका घेतल्या, तरी सरकारी शाळेतल्या शिकण्यात फरक पडला नाही. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुष्कळदा इतिवृत्ताच्या वहीतच होते. मुख्याध्यापक मजकूर लिहितात आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. असल्या देखरेखीच्या भरवशावर जिल्ह्याचा शैक्षणिक कारभार सोपवायचा?

सरपंच : जौनपूरचा दाखला मी वेगळा वाचते, साहेब. तिथे लोकांना माहिती मिळाली, पण तिच्या जोरावर काही बदलून घेण्याची ताकद मिळाली नाही. समितीने ठराव केला तरी वरच्या कार्यालयाला त्याचे उत्तर देणे भाग नसेल, तर दुसऱ्या बैठकीला कोण येईल? आमच्याकडची गोष्ट तशीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या. शाळेचा विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही कामे तिला दिली. पण लक्ष ठेवायचे कशावर? समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला साडेसातशे. त्यात वीजबिल, खडू, कागद, नळाची तोटी, फुटलेले पत्रे. रक्कम पीएफएमएस या सरकारी निधी-प्रणालीच्या खात्यावर कधी वर्ष सरत आल्यावर येते आणि मार्चअखेर खर्च झाली नाही तर परत जाते. आराखड्यात आम्ही वर्गखोली मागतो आणि अनुदान तोट्या बसवण्यापुरते येते. जुनी इमारत पाडायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, बांधायची तर जिल्हा नियोजन समितीची मंजुरी. प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे ते आम्हाला कळत नाही. २५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. आमच्या मराठवाड्यात निजामकाळातल्या इमारतींत अजून वर्ग भरतात. कोणती खोली धोकादायक, तिचा प्रस्ताव कधी गेला, कुठे थांबला, हे ग्रामसभेत दर तीन महिन्यांनी वाचून दाखवायला कोणता निकष आड येतो?

दोघांच्या बोलण्यात इथे एक गोष्ट स्पष्ट होते. अधिकाऱ्याला भीती आहे ती स्थानिक हितसंबंधांची आणि सरपंचाची तक्रार आहे ती न मिळणाऱ्या उत्तराची. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पटपडताळणीने सिद्ध केले ते इतकेच की, ज्याला मोजणीतून लाभ मिळतो त्यानेच मोजू नये. पण तोच नियम वरही लागू होतो. पद कमी करून ज्याचा खर्च वाचतो, त्यानेच पद कमी करण्याचे कारण पुरेसे आहे की नाही हे ठरवू नये. मोजणी गावाबाहेरच्यांनी करावी आणि निर्णयाची छाननी निर्णय घेणाऱ्या कार्यालयाबाहेरच्यांनी करावी. छाननी करणारी ही संस्था महाराष्ट्राने १ मे १९६२ पासून उभी करून ठेवली आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या जिल्हा परिषद रचनेत शिक्षणाला स्वतंत्र विषय समिती मिळाली. मराठवाड्यात तर प्राथमिक शाळांबरोबर हैदराबाद राज्याच्या काळातली माध्यमिक विद्यालयेही जिल्हा परिषदेच्या प्रशाला म्हणून तिच्याकडे आली. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींच्या यादीत घातला. शिक्षण हक्क कायद्याचे बत्तिसावे कलम याहून थेट आहे. मुलाच्या हक्काबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार आली तर संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा, असे ते सांगते. म्हणजे कारण विचारण्याचा आणि मुदतीत उत्तर मिळण्याचा हक्क कायद्यात आहेच. तो एकेका मुलाच्या तक्रारीपुरता न ठेवता शाळेच्या जागा आणि पैसा यांच्या प्रत्येक निर्णयाला लावावा, हे या लेखाचे म्हणणे आहे.

असे केल्याने काही फरक पडतो का? युगांडाचा अनुभव जगभर अभ्यासला गेला आहे. तिथे १९९१ ते १९९५ या वर्षांत सरकारने शाळांसाठी पाठवलेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते. ते उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम दिली हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या घरात गेला. त्या काळात इतर सुधारणाही झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय छापील आकड्यांना देता येणार नाही. पण किती येणार होते हे लोकांना ठाऊक असेल तर किती आले हे विचारता येते, एवढे त्यातून नक्की दिसते. केरळने १९९६ मध्ये नियोजन निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि शाळाही त्यांच्याकडे दिल्या. तिथे माहितीला निर्णयाच्या अधिकाराची जोड मिळाली आणि जौनपूरमध्ये जी उणीव होती ती भरून निघाली. आपल्याकडे १५ व्या वित्त आयोगाचा बराचसा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेचे पिण्याचे पाणी आणि मुलींची स्वच्छतागृहे त्यात बसतात. तरीही शाळेचा विकास आराखडा एका वहीत आणि ग्रामपंचायतीचा आराखडा दुसऱ्या वहीत राहिला, तर एकाच गावातले दोन पैसे एकमेकांना भेटत नाहीत.

अधिकारी : तुमचे हे म्हणणे तत्त्वतः मान्य केले तरी दोन अडचणी राहतात. पहिली गावातल्या गावात आहे. ग्रामसभेत बहुमत गावठाणाचे असते. तांड्यावरची शाळा बंद झाली तर गावठाणातल्या शाळेचा पट वाढतो, तिथे एखादे पद वाढते. तेव्हा ग्रामसभा कोणाच्या बाजूने हात वर करील? दुसरी अडचण वेळेची. जिल्ह्यात नऊ तालुके. प्रत्येक शाळेची सुनावणी घेत बसलो तर शिक्षक नेमायला पुढचे वर्ष उजाडेल. ज्या शाळेत पाचच मुले उरली, तिच्यासाठी तरी ही प्रक्रिया कशाला?

सरपंच : पहिली अडचण खरी आहे आणि ती आमच्याच घरातली आहे. म्हणून सरपंचाचा शब्द अखेरचा मानू नका. ज्या शाळेचा प्रश्न आहे तिच्या पालकांचे मत वेगळे नोंदवा, ग्रामसभेचे वेगळे. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्यायचे कायद्याने सांगितलेलेच आहे. ते काटेकोर पाळले जाते का हे तुम्ही तपासा. वेळेचे म्हणाल तर सगळ्या शाळांची सुनावणी कोणी मागत नाही. ज्या शाळेचे पद जाणार, वर्ग जाणार किंवा शाळाच जाणार, तेवढ्यांची घ्या. आणि पाच मुलांच्या शाळेचे म्हणाल तर पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांवर आली होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून ती उभी केली, पट शंभरावर गेला आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरच्या शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. प्रत्येक शाळा जालिंदरनगर होणार नाही, हे मलाही कळते. काही ठिकाणी एकत्रीकरणच योग्य ठरेल. पण तिथे गाडी कोणती, तिचा खर्च कोण देणार आणि ती बंद पडली तर मुलांचे काय, ही उत्तरे शाळा हलवण्याआधी लेखी मिळाली पाहिजेत.

अधिकाऱ्याच्या बाजूत जे टिकते ते टिकवले पाहिजे. निकष राज्याचे असावेत, कारण गरीब तालुक्याची शाळा तिथल्या ग्रामपंचायतीच्या ऐपतीवर सोडणे अन्यायाचे ठरेल. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या लोकप्रतिनिधींच्या हातात परत जाऊ नयेत. पटाची मोजणी दुसऱ्या तालुक्यातल्या पथकाने अचानक करावी. पण या तिन्ही गोष्टी मान्य केल्यावरही निर्णय बंद दाराआड का व्हावा, याचे उत्तर त्या बाजूकडे नाही. प्रशासकाच्या काळाने ही उणीव फार ठळक केली. खासगी विनाअनुदानित शाळांच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा नियम याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगी शाळेतली जागा काढायची आणि पट कमी आहे म्हणून ती सरकारी शाळाच हलवण्याचा विचार करायचा, ही दोन धोरणे एकाच वेळी एकाच मुलावर येत होती. पालकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो नियम रद्द केला. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकणारे पालक पोहोचले. सोयगावच्या तांड्यावरच्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या पालकाला न्यायालय लांब आहे; त्याच्या आवाक्यात ग्रामसभा आहे आणि तालुक्याच्या गावी पंचायत समिती आहे.

म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांना नवा कायदा लागत नाही. पट ३० सप्टेंबरला निश्चित होतो आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. त्या ग्रामसभेत मुख्याध्यापकाने शाळेचा पट, मंजूर आणि रिक्त पदे, मागच्या वर्षीच्या अनुदानाची आलेली व परत गेलेली रक्कम आणि धोकादायक खोल्यांच्या प्रस्तावाची स्थिती वाचून दाखवावी. पद किंवा शाळा कमी करण्याचा प्रस्ताव असेल तर त्याचे कारण, पर्यायी शाळेचे प्रत्यक्ष चालण्याचे अंतर आणि वाहतुकीची सोय लिहून त्याच सभेपुढे ठेवावी. पालकांचा आक्षेप आला तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने ठरावीक मुदतीत सुनावणी घ्यावी आणि कारणासहित लेखी निर्णय द्यावा. समितीने निकषापेक्षा वेगळे ठरवले तर तिनेही आपले कारण लिहावे, म्हणजे सदस्याच्या शिफारशीलाही तोच नियम लागेल. आणि जिल्हा परिषदेची मुदत संपून सभागृह रिकामे असेल त्या काळात एकही शाळा बंद करू नये किंवा कायमची हलवू नये. शाळा बंद करण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांच्यासमोर उभे राहून कारण सांगण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.